सात अंश वाकडे

तेहतीस वर्षांच्या नोकरीत सुगंधाबाई परब अकरा वेळा चुकल्या. हा आकडा त्यांनी कधी लपवला नाही. कुणी विचारलं तर तारखांसकट सांगत. लग्नाची तारीख विचारली तर मात्र नवऱ्याकडे बघत.

जोगेश्वरीच्या एका गल्लीत, पत्र्याच्या छपराखाली, प्रयोगशाळांना लागणारं काचसामान बनवणारा कारखाना होता. गोल बुडाचे चंबू, तीन तोंडांचे चंबू, पोटात जिलबीसारखी नळी फिरवलेले कंडेन्सर असा सगळा माल. तिथे बर्नरच्या ज्वालेसमोर बसणाऱ्या सतरा पुरुषांत सुगंधाबाई एकट्या बाई. त्यांना शिकवलं मार्तंड मास्तरांनी. मास्तरांचा स्वभाव असा, की काम पसंत पडलं तर ते काही बोलत नसत. नापसंत पडलं तरी काही बोलत नसत, फक्त भिंतीकडे बोट दाखवत.

त्या भिंतीला कारखान्यात मालकापेक्षा जास्त मान होता. चुन्याने पांढरीफेक केलेली भिंत आणि समोर एक दिवा. तयार झालेला प्रत्येक नग त्या दोघांच्या मध्ये धरायचा आणि भिंतीवर पडलेली सावली वाचायची. काचेत राईएवढा बुडबुडा असला तरी भिंतीवर डोळा उघडायचा. डोळा उघडला की नग बाद. आणि बाद नग संध्याकाळी पाचच्या घंटेआधी, ज्याने केला त्यानेच, आपल्या हाताने पिंपात फोडायचा. दुसऱ्याने फोडलेला मास्तरांना चालत नसे. मालकाने एकदा हौसेने एक फोडला, तर मास्तर त्याच्याशी आठवडाभर बोलले नाहीत. तसे ते एरवीही बोलत नसत, पण मालकाला त्या आठवड्यात ते जाणवलं.

सुगंधाबाईंचे अकरा नग बाद झाले. त्यांतले फुटले दहा. एक, म्हणजे अगदी पहिला, पिंपापर्यंत पोचलाच नाही. पॅकिंग खात्यातल्या बाळा परब नावाच्या इसमाने तो गवताच्या पेटीत दडवून पळवला. पुढे त्याने पोरगीही पळवली असती, पण तिच्या बापाने रीतसर लग्न लावून दिल्यामुळे ती संधी हुकली. एका अंगाने गाल सुजल्यासारखा दिसणारा तो चंबू आधी लालबागच्या खोलीत आणि मग बोरिवलीच्या फ्लॅटमध्ये, स्वयंपाकघराच्या ओट्यावर उलटा टांगलेला आहे. आत बल्ब. छत्तीस वर्षं झाली. सुगंधाबाई त्याच्याकडे बघून आठवड्यातून एकदा म्हणतात, "उद्या फोडते."

"उद्या फोड," बाळा म्हणतो. "आज मला तांदूळ निवडायचेत."

कारखाना बंद पडला तेव्हा सगळ्यांनी आपापला हिशेब घेतला, सुगंधाबाईंनी बर्नर घेतला. जोगेश्वरीतच एक छोटा गाळा मिळाला. तिथे त्यांनी साठाव्या वर्षी, आयुष्यात पहिल्यांदाच, कुठल्याही प्रयोगाला उपयोगी पडणार नाही अशी काच फुंकायला सुरुवात केली. म्हणजे घरात लावायचे दिवे. कंडेन्सरच्या जिलबीत बारीक दिव्यांची माळ घातली आणि प्रकाश वेटोळं वेटोळं फिरत छताला गेला. तीन तोंडांच्या चंबूच्या प्रत्येक तोंडातून एकेक काचेचं बदक बाहेर आलं, तिघं तीन दिशांना, एकमेकांशी न बोलणारी. एका दिव्याची मान इतकी लांब काढली की तो टेबलावर ठेवला तरी कपाटाआड काय आहे ते बघतोय असं वाटायचं. त्याचं नाव त्यांनी ठेवलं 'डोकावणारी शेवंती'. दुसऱ्या मजल्यावरच्या शेवंतीवहिनींनी तो हौसेने घरी नेला आणि नावाची एवढी आठवण ठेवली म्हणून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

हे दिवे महिला मंडळाच्या प्रदर्शनात सांडगे आणि कुरडया यांच्या मधल्या टेबलावर लुकलुकत असताना गंधालीने पाहिले. गंधाली पार्ल्यात वाढलेली, डिझाइनचं शिकलेली, बत्तीस-तेहतिसाची मुलगी. अंधेरी पश्चिमेला तिचं 'लुकलुक' नावाचं दुकान आहे. तिथे बल्ब हातात धरून लोंबकळणारं माकड मिळतं, पाऊस न पाडणारा पण चमकणारा ढग मिळतो आणि जेवणाच्या टेबलावर लटकवायला काचेची वांगी मिळतात. दुकानाचं नवं दालन उघडणार होतं. गंधालीने तिथल्या तिथे सुगंधाबाईंना सांगितलं, "काकू, बारा दिवे आणि चाळीस ग्लास. अख्खी एक भिंत तुमची."

अख्खी भिंत! बाळाने घरी पोचायच्या आत मालाडला फोन लावून मार्तंड मास्तरांना उद्घाटनाचं आमंत्रण देऊन टाकलं. मास्तर आता शहाऐंशी वर्षांचे. दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झालेली, त्यामुळे त्यांना पूर्वीपेक्षा बारीक बुडबुडे दिसत.

दीड महिन्यांनी सुगंधाबाई माल घेऊन दुकानात गेल्या. दिव्यांवर गंधाली नुसती खूश. मग तिने एक ग्लास उचलला, फिरवला, नखाने टिचकी मारली.

"काकू, काय सुंदर आहे! पण ना... हे मशीनचं वाटतं."

सुगंधाबाईंना तेहतीस वर्षांत एवढी मोठी शाबासकी कुणी दिली नव्हती. त्या लाजल्या. "असू दे गं. सवय आहे."

"नाही, म्हणजे तोच प्रॉब्लेम आहे."

"कुठला?"

"कस्टमरला हात दिसला पाहिजे ना. हे चाळीसच्या चाळीस एकसारखे आहेत. कोण विश्वास ठेवणार हे हाताने केलेत म्हणून?"

"मग काय करू? हात चिकटवू?"

गंधाली हसली. ती मनाने वाईट मुलगी नव्हती. तिने काचेच्या दाराच्या कपाटाकडे बोट केलं. आत, खालून उजेड सोडलेल्या फळीवर, सहा ग्लास एकमेकांपासून लांब लांब उभे होते. काठ लवलेला, अंगाला पोचा, पोटात बुडबुडा.

"हे बघा. युरोपातल्या एका बेटावर ऐंशी वर्षांचे एक आजोबा आहेत. एकटेच फुंकतात. प्रत्येक ग्लासात त्यांचा श्वास दिसतो."

सुगंधाबाईंनी लांबूनच पाहिलं. "दम लागत असेल बिचाऱ्याला. या वयात कशाला करतो? मुलं बघत नाहीत काय?"

"काकू, ते मुद्दाम तसं करतात! थोडा वाकडेपणा, थोडी चूक. त्यालाच तर सोल म्हणतात, वस्तूचा आत्मा."

"आमच्याकडे त्याला बाद म्हणतात."

पण गंधालीला सगळी भिंत एकाच हाताची हवी होती. दिवे राहतील तर ग्लास राहतील, ग्लास राहतील तर वाकडे राहतील. सुगंधाबाईंना डोळ्यासमोर भिंत दिसत होती, भिंतीसमोर मास्तर दिसत होते आणि मास्तरांच्या पुढ्यात जिलबी फिरत होती. त्या म्हणाल्या, "बघते."

त्यांनी बघितलं. दुसऱ्या दिवसापासून गाळ्यात वाकडं कसं करावं याचा अभ्यास सुरू झाला. आधी त्यांनी नळी सैल धरली. ग्लास सरळ झाला. मग डावीकडून फुंकलं. ग्लास सरळ झाला. मग डोळे मिटून पाहिलं, तर तो इतका सरळ झाला की त्यांना स्वतःचाच राग आला. ज्वालेसमोर बसलेल्या बायकोला नवऱ्याने ऐन वेळी कोपरखळी मारायची हाही प्रयोग झाला, पण एकदाच. बाळाच्या भुवया आता पुन्हा येऊ लागल्या आहेत.

शेवटी सुगंधाबाईंनी मनाला बजावलं, की वाकडं हेही एक काम आहे आणि काम म्हटलं की नीट करायचं. त्यांनी बुडाजवळची काच तापवली, अदमास घेतला आणि कलवली. हाताला माप सापडलं. मग मात्र चाळीस नग चार दिवसांत झाले. रविवारी बाळाने मुलीच्या जुन्या कंपासपेटीतला कोनमापक आणला आणि एकेक ग्लास मोजायला घेतला.

"सात," तो म्हणाला. "सात. सात. हा पण सात."

"सगळे सात?"

"एक साडेसहा आहे. नाही, थांब, माझाच चष्मा तिरका होता. सात."

चाळीसही ग्लास, सात अंश, एकाच बाजूला. ओळीने मांडल्यावर ते शाळेच्या कवायतीत 'दाहिने झुक' म्हटल्यासारखे उभे राहिले.

गंधालीने ती ओळ पाहिली आणि कपाळाला हात लावला. "काकू, हे तर आधीपेक्षा जास्त मशीनचं वाटतंय! अहो, एकच चूक चाळीस वेळा माणूस करत नाही. ते फक्त मशीन करतं."

परतताना सुगंधाबाई रिक्षावाल्याशी भांडल्या.

उद्घाटन चार दिवसांवर आलं होतं. गंधालीने तोडगा काढला. चाळीस ग्लास चाळीस दिशांना तोंड करून मांडले. त्यामुळे प्रत्येक ग्लास वेगळ्याच बाजूला झुकल्यासारखा दिसू लागला आणि सगळ्यांच्या अंगात सोल आला. शिवाय तिने प्रत्येक ग्लासाच्या गळ्यात सुतळीने बांधायला कार्डं छापून घेतली आणि आदल्या दिवशी त्यांतल्या एकाचा फोटो कौतुकाने बाळाच्या फोनवर पाठवला.

बाळा पोळी खाता खाता मोठ्याने वाचू लागला. "हाताने घडवलेली काच. 'मी चुकते, म्हणून मी माणूस आहे.' खाली नाव, सुगंधा."

तव्यावरची पोळी तव्यावरच राहिली.

"कोण चुकता?"

बायकोच्या तोंडात मालवण उघडलं की बाळा सावध होतो. त्याने फोन उलटा ठेवला. "तसं त्यांनी आपलं... साहित्यिक लिहिलंय."

"परत वाच."

बाळाने परत वाचलं. कमी आवाजात वाचलं तरी शब्द तेच निघाले.

"तेहतीस वर्षां मेली मी त्या आगीसमोर बसलंय," सुगंधाबाई म्हणाल्या. "अकरा. अकरा नग! आणि ही पोरगी माझ्या नावाने छापता, मी चुकतंय म्हणून? आणि उद्या मास्तर येणार. मास्तर ता वाचणार."

"मास्तरांना बारीक अक्षर..."

"ऑपरेशन झालाहा त्यांचा!"

पोळीचा वास यायला लागला. बाळाने उठून गॅस बंद केला. सुगंधाबाई फोन करून गंधालीशी बोलल्या. गंधाली म्हणाली, काकू, तुम्ही फार सिरियसली घेताय, लोकांना हे खूप आवडतं. त्यावर सुगंधाबाईंनी फोन ठेवला, शिवणाच्या डब्यातली कात्री काढली आणि पर्समध्ये टाकली.

दुसऱ्या दिवशी चार वाजता 'लुकलुक'चं नवं दालन उघडलं. तीस-पस्तीस माणसं जमली होती. माकडं बल्ब धरून लोंबकळत होती, ढग चमकत होता. काचसामानाच्या दुकानात पाहुण्यांना कोकम सरबत कागदी पेल्यातून मिळत होतं, कारण काचेचे पेले फुटतात. सुगंधाबाईंच्या भिंतीवर बाराही दिवे लागले होते. जिलबी छताला जात होती, बदकं अबोला धरून होती. खाली चाळीस ग्लास, प्रत्येकाच्या गळ्यात सुतळी.

सुगंधाबाई काठापदराच्या हिरव्या साडीत आल्या. कुणाला नमस्कार केला नाही. सरळ भिंतीशी गेल्या, पर्स उघडली आणि पहिली सुतळी कापली. कच. दुसरी. कच.

चौदावी कापली तेव्हा गंधाली धावत आली. "काकू! काय करताय?"

"हजामत."

"अहो, लोक बघतायत! प्लीज. नंतर बोलू ना आपण."

"नंतर कशाला? कार्ड आत्ता आहे, नाव आत्ता आहे. पंधरा." कच.

लोक जवळ सरकले. त्यांत घरसजावटीवर सदर लिहिणाऱ्या वसुधाताई होत्या, गळ्यात काचेच्या मण्यांची तीन पदरी माळ. त्यांनी कापून पडलेलं एक कार्ड उचललं आणि वाचून मान डोलावली. "किती खरं आहे. मी चुकते, म्हणून मी माणूस आहे. हे तुमचं वाक्य?"

"माझं नाही. मी एवढी चुकत नाही."

नेमके याच वेळी दारातून मार्तंड मास्तर आत आले. एका हातात काठी, दुसऱ्या हातात बाळाचं कोपर. गर्दी आपोआप बाजूला झाली, कारण मास्तर माणसांकडे बघत चालत नाहीत. त्यांनी भिंतीवरचे दिवे एकेक करून पाहिले. बदकांपाशी जरा थांबले. मग एक ग्लास उचलला. मग दुसरा. मग तिसरा. तिन्ही टेबलावर एकाच दिशेला तोंड करून ठेवले आणि वाकून त्यांच्या काठांच्या रेषेत डोळा आणला.

"सारखे वाकडे," ते म्हणाले. "मुद्दाम?"

सुगंधाबाईंच्या हातात कात्री होती, पण वय पुन्हा चोवीसचं झालं होतं. "मुद्दाम, मास्तर."

मास्तरांनी बोट उचललं आणि भिंतीकडे दाखवलं.

दालन नवं असल्यामुळे भिंत पांढरीफेक होती. जिलबीचा दिवा हाताशी होता. सुगंधाबाईंनी तो काढून टेबलावर ठेवला, समोर आपला वाकडा ग्लास धरला. भिंतीवर सावली पडली. तिरकी, पण स्वच्छ. धुतल्यासारखी.

"बघा, हेच मी म्हणत होते!" गंधाली कळवळून म्हणाली. तिचाही धीर सुटला होता. "काहीच दिसत नाही त्यात! एवढं परफेक्ट कोणाला हवंय? थांबा, मी दाखवते तुम्हाला." तिने कपाट उघडलं आणि आजोबांचा एक ग्लास काढून सुगंधाबाईंच्या हातात दिला. "हा धरा. यात माणूस दिसेल."

सुगंधाबाईंनी धरला. भिंतीवर डोळा उघडला. बुडापासून दोन बोटं वर, ठसठशीत. त्याच्या उजवीकडे पोच्याची चंद्रकोर.

"आहा," वसुधाताई म्हणाल्या.

"बाद," मास्तर म्हणाले.

सुगंधाबाईंचा हात सवयीने पुढच्या नगाकडे गेला. तेहतीस वर्षांची सवय, एक बघितला की पुढचा. त्यांनी कपाटातला दुसरा ग्लास घेतला, फिरवला, धरला. भिंतीवर डोळा उघडला. बुडापासून दोन बोटं वर. उजवीकडे चंद्रकोर.

"तोच परत धरलात," वसुधाताई म्हणाल्या.

"तो हा टेबलावर ठेवलाय."

तिसरा. दोन बोटं वर, उजवीकडे चंद्रकोर. चौथा वसुधाताईंनी स्वतः घेतला, कारण सदर लिहिणाऱ्या माणसाला खात्री करून घ्यावी लागते. त्यांनी तो फिरवून फिरवून, उलटा करून, अगदी खाली धरला. सरळ केल्याबरोबर डोळा तिथेच, चंद्रकोर तिथेच. पाचवा. सहावा. काठसुद्धा एकाच जागी लवलेला. सहा ग्लासांचे आजोबांचे सहा श्वास, रबरी शिक्क्याने मारल्यासारखे.

कुणीतरी खोकलं. ढग चमकला.

"तूच म्हणालीस ना गं," सुगंधाबाई सावकाश म्हणाल्या. "एकच चूक चाळीस वेळा माणूस करत नाही."

"हे आजोबा ऐंशी वर्षांचे नसतील," बाळा मागून म्हणाला. "ऐंशी टनांचे असतील."

गंधालीच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघून सुगंधाबाईंना तिची दयाही आली. पोरगी फसवणारी नव्हती, फसलेली होती. आजोबांचा फोटोसुद्धा तिने दुकानात लावला होता, पांढऱ्या दाढीचा. पण पार्ल्याची मुलगी अशी सहज गप्प बसत नाही.

"पण मग तुमचे?" ती म्हणाली. डोळे भरले होते, आवाज भरला नव्हता. "तुमचे पण चाळीस सारखेच वाकडे आहेत ना, काकू?"

हा प्रश्न बरोबर होता. सुगंधाबाईंना तो आवडलासुद्धा.

"आहेत," त्या म्हणाल्या. "म्हणून ते माझे नाहीत. खोटं केलं मी. तुझ्या भिंतीच्या लोभाने केलं. पिंप आहे का इथे?"

"कसलं पिंप?"

"कचऱ्याचं असलं तरी चालेल. लोखंडी."

दुकानाच्या मागच्या अंगणात एक पत्र्याचं पिंप होतं. बाळाने ग्लास दोन ट्रेमध्ये भरायला घेतले. तेवढ्यात वसुधाताई पुढे झाल्या. "अहो, फोडता कशाला? मला द्या ना सहा. मला आवडलेत. खरंच."

"विकायचे नाहीत."

"मी भेट म्हणून..."

"बाई, तुम्ही पाणी प्याल त्यातून. पाहुण्यांना सांगाल, सुगंधा परबने केलेत, बघा कशी गोड चुकते. मग मी बोरिवलीत तोंड कुठे दाखवू?"

त्या मागे गेल्या. मास्तर काठी टेकत मागोमाग गेले आणि पिंपाशेजारी उभे राहिले. बाकीचे आत थांबले, त्यामुळे त्यांना दिसलं काही नाही, ऐकू मात्र आलं. चाळीस वेळा. घाईने नाही, रागाने नाही, एका मापाने. पंधराव्या-सोळाव्याला लोकांनी बोलणं थांबवलं. तिसाव्याला एका माणसाने कोकमचा कागदी पेला अलगद खाली ठेवला. चाळिसाव्यानंतर वसुधाताई हलकेच म्हणाल्या, "काय संकल्पना आहे," पण त्यांच्या शेजारच्या कुणीही मान डोलावली नाही.

सुगंधाबाई आत आल्या तेव्हा घड्याळात पाचला चार मिनिटं कमी होती. कपाळावर घाम होता. बारा दिव्यांखालची फळी रिकामी पडली होती.

"दिवे पण काढून नेऊ का?" त्यांनी विचारलं. "सांग सरळ. मला राग नाही. पण माझ्या नावावर चूक लटकवायची असेल तर ती मी केलेली पाहिजे."

गंधालीने रिकाम्या फळीकडे पाहिलं. मग कपाटाकडे. मग आजोबांच्या फोटोकडे जास्त वेळ पाहिलं, पुढे झाली आणि तो भिंतीवरून उतरवला.

"दिवे राहू द्या," ती म्हणाली. "पण फळीवर काय ठेवू मी?"

बाळा याच प्रश्नाची वाट बघत होता. तो बाहेर गेला आणि थांबवून ठेवलेल्या रिक्षातून गवत भरलेल्या दोन पेट्या घेऊन आला. गंधालीने परत पाठवलेले पहिले चाळीस. सरळ.

"तुला कुणी सांगितलं होतं आणायला?" सुगंधाबाईंनी विचारलं.

"कुणी नाही. तू कात्री घेतलीस, मी पेट्या घेतल्या. मी पॅकिंगचा माणूस आहे."

ग्लास मांडले गेले. चाळीस, कसेही फिरवले तरी एकसारखे, कारण सरळ ग्लासाला दिशा नसते. गंधालीने एक कोरं कार्ड आणि पेन घेतलं आणि टेबलाशी बसली. "सांगा. काय लिहू?"

सुगंधाबाईंनी जरा विचार केला. "लिही. यात चूक नाही. सापडली तर घेऊन या. बाई स्वतः फोडतील."

"एवढंच?"

"आणि खाली नाव. परबसकट."

गंधालीने लिहिलं. लिहिता लिहिता ती हसली, पण ते हसू नेमकं कशाचं हे तिलाही सांगता आलं नसतं. मग तिने आणखी एक छोटं कार्ड लिहिलं आणि आजोबांच्या सहा ग्लासांपुढे ठेवलं. त्यावर होतं, 'मशीनवर केलेले.' संध्याकाळपर्यंत दोन गेले. काही लोकांना ते तसेही आवडत होते.

तेव्हापासून 'लुकलुक'मध्ये एक नवीनच प्रकार सुरू झाला आहे. लोक ग्लास घ्यायच्या आधी जिलबीसमोर धरतात आणि भिंत बघतात. कुणी मोठं भिंग घेऊन येतो. घाटकोपरचे एक निवृत्त गणिताचे शिक्षक तीन आठवड्यांनी आपला ग्लास रुमालात गुंडाळून विजयी मुद्रेने परत घेऊन आले, की बुडबुडा सापडला. सुगंधाबाईंना गाळ्यातून बोलावून घेतलं. त्या अंधेरीला आल्या, चष्मा लावला, ग्लास धरला. मग पदराने पुसला आणि परत धरला.

"आमटी होती," त्या म्हणाल्या. "तुरीची. घरी नीट घासत चला."

हे झालं दुकानाचं. उद्घाटनानंतरच्या रविवारी बाळाने मास्तरांना बोरिवलीला जेवायला बोलावलं होतं. सोलकढी, सुरमई, वडे. सुगंधाबाई पहाटेपासून खटपटीत. सगळ्या गडबडीत एक गोष्ट दोघांच्याही ध्यानातून निसटली. छत्तीस वर्षांत एखादी वस्तू इतकी घरची होते, की ती दिसेनाशी होते.

मास्तर हात धुवायला म्हणून स्वयंपाकघरात आले. नळ सोडला. आणि तसेच थांबले.

ओट्यावर, डाव्या गालाने सुजलेला, आत बल्ब जळणारा चंबू. आणि मागच्या फरशांवर त्याची सावली. सावलीत डोळा, चांगला रुपयाएवढा.

बाळाच्या हातातून सुरमईचा तुकडा ताटात पडला. "मास्तर, तो माझा," तो घाईने म्हणाला. "म्हणजे मीच आणला. चोरला म्हणा ना. हिचा काही..."

"गप रे," सुगंधाबाई म्हणाल्या. पदराला हात पुसत त्या पुढे आल्या. "माझा नग आहे, मास्तर. पहिला. पिंपात गेला नाही."

मास्तरांनी नळ बंद केला. ओल्या हाताचं बोट उचललं आणि भिंतीकडे दाखवलं.

सुगंधाबाईंनी हात कमरेवर ठेवले.

"दिसता माका," त्या म्हणाल्या. "छत्तीस वर्षां बघतंय. पण ह्यो मी फोडूचंय नाय."

मास्तरांशी असं कुणी बोललं नव्हतं. मालकसुद्धा नाही. बोट भिंतीकडे तसंच होतं, त्याच्या टोकाशी पाण्याचा एक थेंब जमा होत होता.

"ते चाळीस मी ठरवून केले होते," सुगंधाबाई म्हणाल्या. "हा माझ्याकडून झाला."

थेंब पडला. बोट हळूहळू खाली आलं, वाटेत ओट्यावरच्या वड्यांच्या परातीपाशी थांबलं आणि एक वडा घेऊन वर गेलं.

मास्तर तिथेच उभ्याने वडा खाऊ लागले. बोलले काहीच नाहीत. सुगंधाबाई त्यांच्या तोंडाकडे बघत राहिल्या आणि मग त्यांनी त्यांच्या हातावर दुसरा वडा ठेवला.